सुई कुणाच्या पत्त्यावर?

मुळा आणि पवना यांच्या बेचक्यात वसलेल्या सांगवीत वैद्यकीय कचरा किती ठिकाणी तयार होतो, हे मोजायला घेतले तर यादी लांबत जाते. सांगवी फाट्याजवळ औंधचे जिल्हा रुग्णालय आणि उरो रुग्णालय आहे. जुन्या आणि नव्या सांगवीत खाटांची छोटी रुग्णालये, एका डॉक्टरचे दवाखाने, रक्त तपासणाऱ्या लॅब, दातांचे दवाखाने आणि कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर आहेत. इथून रोज सकाळी कंपनीच्या बसने भोसरी, चाकण, तळवड्याकडे जाणारे कामगार आहेत. कारखान्यात हाताला लोखंड लागले, की तिथल्या प्रथमोपचार खोलीत त्यांना धनुर्वाताचे इंजेक्शन मिळते. शिवाय शेकडो घरांत जेवणाआधी पोटाला इन्सुलिन टोचणारी आणि ग्लुकोमीटरसाठी बोटाला लॅन्सेट लावणारी माणसे आहेत.

या सगळ्यांच्या हातून एकाच दिवशी सुया बाहेर पडतात. सुई तशीच असते आणि तिच्यावरचे रक्तही माणसाचेच असते. पण ती पुढे कुठे जाणार, तिची नोंद कोण ठेवणार आणि ती कुणाला टोचली तर जबाबदार कोण, याची उत्तरे प्रत्येक ठिकाणी वेगळी मिळतात. आपला कायदा सुईपेक्षा ती कुणाच्या पत्त्यावर वापरली गेली याकडे जास्त पाहतो. त्याची ताकद आणि त्यातली फट या दोन्हींचे मूळ इथेच आहे.

धोका किती?

आधी धोक्याचा अंदाज घेऊ. बाधित रक्ताची सुई टोचल्यावर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के मानली जाते, हेपटायटिस सीची दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. लस न घेतलेल्या माणसाला हेपटायटिस बी होण्याची शक्यता मात्र 6 ते 30 टक्के असते. लोक घाबरतात ते एचआयव्हीला. कचऱ्यातल्या सुईचा खरा धाक हेपटायटिस बीचा असायला हवा, कारण हा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरू शकतो. सोमवारी पिशवीत गेलेली सुई शुक्रवारी वर्गीकरणाच्या शेडमध्ये पोहोचली तरी ती निरुपद्रवी झालेली नसते.

भारतात हा प्रश्न मोठा होण्यामागे इंजेक्शनची आवडही आहे. ‘सुई दिल्याशिवाय बरं वाटत नाही’ असे म्हणणारा रुग्ण आणि त्याचे ऐकणारा डॉक्टर दोघेही आपल्या ओळखीचे असतात. 2002-03 मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीने वर्षाला सुमारे 3 अब्ज इंजेक्शने आणि त्यांतली सुमारे 63 टक्के असुरक्षित, असा हिशेब मांडला होता. 2005 पासून सरकारी लसीकरणात एकदाच वापरता येणारी, दट्ट्या आपोआप अडकणारी सिरिंज आली. कोविडच्या काळात देशात 220 कोटींहून अधिक डोस टोचले गेले. म्हणजे तेवढ्या सुया नियमाप्रमाणे गोळा करून नष्ट करायच्या होत्या. यंत्रणा ठरवले तर एवढे मोठे काम पेलू शकते, हे त्या वेळी दिसले.

न्यायालयातून नियमाकडे

रुग्णालयाच्या कचऱ्याला वेगळा कायदा असावा, ही गोष्ट आपल्याकडे नव्वदच्या दशकात पुढे आली. दिल्लीतल्या कचऱ्यावरून डॉ. बी. एल. वढेरा यांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये मोठ्या रुग्णालयांना स्वतःची विल्हेवाट यंत्रणा उभारायला सांगितले. त्यानंतर पर्यावरण संरक्षण कायदा 1986 च्या आधाराने जुलै 1998 मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम आले. त्यांनी कचऱ्याचे दहा प्रकार पाडले. रात्रपाळीच्या आयाबाईने दहा प्रकार लक्षात ठेवावेत, ही अपेक्षाच अवघड होती. 28 मार्च 2016 च्या नव्या नियमांनी ते चार रंगांवर आणले: पिवळा, लाल, पांढरा, निळा. 2018 मध्ये काही दुरुस्त्या झाल्या. आज रुग्णालयात भिंतीवर चिकटवलेला तक्ता दिसतो तो याच नियमांचा.

धारदार कचऱ्यासाठी पांढरा, पारदर्शक डबा आहे. सुया, सुई पक्की जोडलेल्या सिरिंज, कटरने कापलेली किंवा बर्नरने जाळलेली सुयांची टोके, स्काल्पेल, ब्लेड असे टोचणारे आणि कापणारे धातूचे सारे त्यात जाते. डब्याला तीन अटी आहेत. त्याला भोक पडता कामा नये, त्यातून गळती होता कामा नये आणि एकदा बंद केल्यावर तो सहज उघडता येऊ नये. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करायचा, ही मार्गदर्शक सूचना आहे. काठोकाठ भरलेल्या डब्यात शेवटची सुई दाबताना हात जखमी होतो, म्हणून. सुई काढलेली प्लास्टिकची सिरिंज लाल पिशवीत जाते आणि फुटलेल्या काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या डब्यात. पूर्वी निळ्यासाठी पुठ्ठ्याचा खोका चालत असे. 2018 च्या दुरुस्तीने तिथेही न फाटणारा, न गळणारा डबा आला.

डबा भरला की पुढचा प्रवासही ठरलेला आहे. प्रत्येक पिशवीवर आणि डब्यावर बारकोड लागतो. सामाईक प्रक्रिया केंद्राच्या गाडीला जीपीएस असते आणि तिने सुटीच्या दिवशीही कचरा उचलावा, अशी अट आहे. केंद्रात सुयांना वाफेच्या दाबाने किंवा कोरड्या उष्णतेने निर्जंतुक करतात. मग त्या चिरडतात, किंवा धातूच्या डब्यात अथवा सिमेंट काँक्रीटमध्ये बंद करतात. शेवटी त्या परवानाधारक लोखंडाच्या भट्टीत, शास्त्रीय भरावभूमीत किंवा काँक्रीटच्या बंद खड्ड्यात जातात. 75 किलोमीटरच्या आत असे केंद्र असेल तर रुग्णालयाने स्वतःचे प्रक्रिया संयंत्र उभारायचे नाही. त्यामुळे पुण्यासारख्या भागात बहुतेक दवाखान्यांच्या सुया एकाच साखळीतून जातात आणि तपासणाऱ्याला ती साखळी धरून मागे जाता येते.

सुई मोडायची कशासाठी?

पाश्चात्त्य देशांतली सवय अशी, की वापरलेली सिरिंज सुईसकट थेट डब्यात टाकायची. सुई कापताना रक्ताचे सूक्ष्म थेंब उडतात आणि सुईला हात लावण्याची आणखी एक संधी तयार होते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो खोटा नाही. आपले नियम तरीही कटर आणि बर्नरला जागा देतात, कारण इथे दुसराही शत्रू आहे. वापरलेली सिरिंज धुऊन, नव्या वेष्टनात घालून पुन्हा विकणारा धंदा आपण पाहिलेला आहे. 2009 च्या फेब्रुवारीत गुजरातच्या मोडासा इथे हेपटायटिस बीची जीवघेणी साथ पसरली, तेव्हा वापरलेल्या सिरिंज आणि सुयांचा हाच पुनर्वापर चव्हाट्यावर आला. सुई मोडण्यामागे संसर्ग टाळण्याइतकाच भंगारबाजाराला आळा घालण्याचा हेतू आहे.

मात्र कटर असला म्हणजे काम झाले, असे नाही. सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही, हा साधा नियम रोज मोडला जातो. घाईत असलेली नर्स डाव्या हातात टोपण आणि उजव्या हातात सुई घेते, आणि अशा वेळी सुई टोपणाऐवजी बोटात जाते. हब कटर रुग्णाच्या खाटेपाशीच असावा, याला म्हणूनच महत्त्व आहे. कटर नर्सच्या टेबलावर आणि रुग्ण वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला असला, तर मधल्या प्रत्येक पावलाला ती सुई हातात उघडी असते.

खाटा नसलेले दवाखाने

मोठ्या रुग्णालयांत नियमांची उजळणी होते. तीस किंवा अधिक खाटा असतील तर जैववैद्यकीय कचऱ्याची समिती नेमावी लागते आणि तिची सहा महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हावी लागते. कर्मचाऱ्यांना कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी, हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, हे सगळे मालकावर बंधनकारक आहे. दरवर्षी 30 जूनपर्यंत वार्षिक अहवाल द्यायचा आणि नोंदी पाच वर्षे जपायच्या. सुई टोचण्याच्या घटनांची माहिती आणि त्यावर केलेले उपायही या अहवालात द्यावे लागतात.

खरी परीक्षा एका डॉक्टरच्या दवाखान्यात होते. महाराष्ट्राने केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. इथे चालतो तो 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा, आणि त्याची नजर खाटांच्या रुग्णालयांवर आहे. त्यामुळे खाटा नसलेला दवाखाना महापालिकेच्या त्या नोंदवहीत येत नाही. त्याला सुयांबाबत बांधणारा धागा जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांचाच. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृतता त्यालाही घ्यावी लागते. खाटा नसलेल्यांना ती एकदाच घेतली की पुरते आणि 90 दिवसांत मंडळाने हरकत घेतली नाही तर ती मिळाली असे धरतात. ही सवलत योग्यच आहे. पण एकदा मिळालेल्या कागदामागे दहा वर्षांनी दवाखान्यात कटर चालतो की गंजतो, हे पाहायला कुणी येण्याचे कारण उरत नाही. तीन डॉक्टरांच्या पॉलिक्लिनिकमध्ये सुयांचा डबा कुणाचा, यावरही तिघांचे एकमत असतेच असे नाही.

एक गोष्ट छोट्या दवाखान्यांच्या बाजूची आहे. अवयव, रक्ताने माखलेले कापूस-बोळे यांसारखा कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. सुया या यादीत नाहीत. दिवसाला चार-पाच इंजेक्शने देणाऱ्या डॉक्टरने डबा भरेपर्यंत थांबले तरी तो नियमात बसतो. म्हणजे ‘गाडी रोज येत नाही, मग करायचे काय’ ही सबब सुयांपुरती लंगडी आहे.

नियमांचे जाळे दवाखान्यांबाहेरही पसरलेले आहे. रक्तदान शिबिर, लसीकरण शिबिर, शाळेची प्रथमोपचार खोली, पशुवैद्यक, न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांची नावे त्यात स्पष्ट लिहिलेली आहेत. गणेशोत्सवात मंडळ रक्तदान शिबिर भरवते तेव्हा सुया कोण नेणार, हे शिबिराच्या आधी ठरलेले असले पाहिजे. या पट्ट्यातल्या कारखान्यांसाठीही हे महत्त्वाचे. पाचशेहून अधिक कामगार असतील तर रुग्णवाहिका कक्ष ठेवावा, ही अट कारखाने कायद्याने 1948 मध्येच घातली. तिथे इंजेक्शन दिले जाते, म्हणून तिथली सुईही वैद्यकीय कचराच आहे. ती कारखान्याच्या धातूच्या भंगारात गेली तर पुढच्या गोदामात तो लोखंडाचा चुरा समजून कुणी तरी हाताने उचलणार. टॅटूची दुकाने आणि सलूनमधली ब्लेड मात्र या यादीत नाहीत. रक्त तेच असूनही त्यांची विल्हेवाट अजून सद्भावनेवर चालते.

घरातली सुई

आता सगळ्यात मोठ्या फटीकडे येऊ. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांतले सगळे इन्सुलिन घेत नाहीत, पण घेणारे दिवसाला एक ते चार वेळा टोचतात. घरी सलाईन लावणे, शस्त्रक्रियेनंतर नर्स घरी येऊन इंजेक्शन देणे, हेही शहरात नित्याचे झाले आहे. ही सुई रुग्णालयात वापरली असती तर तिला बारकोड मिळाला असता. घरात वापरली म्हणून ती केरात जाते.

कायदा इथे गप्प आहे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या सुया आणि सिरिंज यांना घरगुती घातक कचऱ्यात मोजले आणि प्रत्येक घराने हा कचरा वेगळा ठेवावा असे सांगितले. शहरात दर 20 चौरस किलोमीटरला असा कचरा घेणारे एक केंद्र असावे, अशी जबाबदारी महापालिकांवर टाकली. सांगवी ज्या महापालिकेत येते त्या पिंपरी-चिंचवडचे क्षेत्रफळ 181 चौरस किलोमीटर आहे. त्या हिशेबाने शहराला दहा केंद्रे लागतात. 1 एप्रिल 2026 ही अंमलाची तारीख घेऊन आलेले नवे घनकचरा नियम घरातल्या कचऱ्याचे चार भाग करतात: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घ्यावी लागणारा. औषधे आणि पाऱ्याचे थर्मामीटर या चौथ्या भागात आहेत.

दुसरीकडे जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत पहिल्या परिशिष्टाच्या शेवटी दोन ओळी आहेत. त्यांच्याकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. घरातल्या उपचारांतून निघणारा वैद्यकीय कचरा याच नियमांप्रमाणे वेगळा करावा आणि वेगळ्या पिशवीत किंवा डब्यात महापालिकेच्या कचरा गोळा करणाऱ्याला द्यावा, असे पहिली ओळ सांगते. नागरी संस्थांनी सामाईक प्रक्रिया केंद्राशी करार करून हा कचरा वर्गीकरण केंद्रातून किंवा थेट घरातून उचलण्याची व्यवस्था करावी, असे दुसरी सांगते. म्हणजे घरातली सुई आणि रुग्णालयाचा पांढरा डबा यांना जोडणारा रस्ता कायद्याने आखलेला आहे. या दोन ओळी अमलात आल्या तर सांगवीतल्या एखाद्या आजोबांची इन्सुलिनची सुई आणि जिल्हा रुग्णालयातली सुई एकाच यंत्रात चिरडली जाईल.

तोपर्यंत घराने काय करावे? पाण्याची पातळ बाटली चालणार नाही, कारण सुई ती सहज भेदते. कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लास्टिकची बाटली घ्यावी. सुई टोपण न लावता तोंडातून खाली सोडावी. तीन-चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी आणि मोठ्या अक्षरांत ‘वापरलेल्या सुया, उघडू नये’ असे लिहावे. ती घंटागाडीच्या कर्मचाऱ्याच्या हातात, सांगून द्यावी. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत लपवू नये. शौचालयात सुई टाकणे तर सरळ सफाई कामगाराच्या हातात टोचण्यासारखे आहे.

शेवटचे हात

पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशीला जातो. तिथे 1 ऑगस्ट 2023 रोजी कचऱ्यापासून वीज तयार करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. पण भट्टीत जाण्याआधी घरातला कचरा अनेक हातांतून जातो: सोसायटीतली सफाई करणारी बाई, घंटागाडीवरचा कामगार, आरोग्य कोठीतला कर्मचारी, वर्गीकरणाच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या बायका, भंगारवाला. 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने पुण्यात कचरावेचकांना संघटित केले. याच चळवळीतून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका द्यायला नागरिकांना शिकवत आली. ती सवय अनेक घरांनी उचलली. सुयांसाठी अशीच एखादी ठळक, सर्वांना कळणारी खूण शहराने ठरवायला हवी.

कायद्याने या हातांना दिलेले संरक्षण असमान आहे. रुग्णालयातला कचरा हाताळणाऱ्याला हेपटायटिस बीची लस देणे बंधनकारक आहे. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत हातमोजे, बूट, मास्क, रेनकोट, चमकणारे जॅकेट होते, लस नव्हती. कापडी हातमोजा सुईला अडवत नाही. आणखी एक कायदा इथे कामी येऊ शकतो. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला, त्याचे 19 वे कलम आरोग्य संस्थांबरोबरच कामामुळे एचआयव्हीचा लक्षणीय धोका असणाऱ्या इतर आस्थापनांवरही जबाबदारी टाकते. प्रशिक्षण, बचावाची साधने आणि सुई टोचल्यावर तातडीचे प्रतिबंधक औषध त्यांनी द्यावे, असे ते म्हणते. मिश्र कचरा निवडणारी शेड या व्याख्येत बसते, असे मानायला जागा आहे. ते औषध लवकरात लवकर, शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांत सुरू करून 28 दिवस घ्यायचे असते. सरकारी यंत्रणेत ते मोफत मिळते. सुई टोचलेल्या सफाई कामगाराला हे पहिल्या तासात कुणी सांगते का, यावर सगळे अवलंबून आहे.

दंडाचा धाक

पर्यावरण संरक्षण कायद्याच्या 15 व्या कलमात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. 2023 च्या जनविश्वास कायद्याने, 1 एप्रिल 2024 पासून, कैदेऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आला. तो न्यायालयाऐवजी नियुक्त अधिकारी ठरवतो. दंड भरला नाही तरच पुढे तुरुंगाचा प्रश्न येतो. त्याशिवाय राष्ट्रीय हरित लवादासमोरच्या प्रकरणांतून पर्यावरण भरपाईची पद्धत रुळली आणि रुग्णालयांसाठी ती दिवसाला किमान 1,200 रुपये ठरली. कैद गेली म्हणून काहींनी नाराजी व्यक्त केली. माझे मत वेगळे आहे. जी कैद जवळपास कुणालाच झाली नाही, तिच्यापेक्षा महिन्याभरात वसूल होणारा दंड जास्त बोचतो. मात्र दंड दवाखान्याला होतो. घरातल्या सुईसाठी शहराने केंद्र उभारले नाही, तर त्याबद्दल दंड कुणाला करायचा, याचे उत्तर या कलमात सहज सापडत नाही.

बाहेरच्या जगाने हे कोडे दोन बाजूंनी सोडवले. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर 2008 पासून घरातल्या सुया केरात टाकण्यावर बंदी घातली. फ्रान्सने बंदीपेक्षा सोयीवर भर दिला. सुया आणि इन्सुलिन पेन विकणाऱ्या कंपन्यांच्या खर्चाने तिथे औषधांच्या दुकानात रुग्णांना डबे फुकट मिळतात आणि भरलेले डबे परत घेतले जातात. आपल्याकडे प्लास्टिक आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी उत्पादकाची जबाबदारी कायद्याने मान्य केलेली आहे. इन्सुलिनच्या सुईला तीच का लागू नये?

सांगवीपुरते बोलायचे तर रस्ता लांब नाही. औषधाचे दुकान प्रत्येक चौकात आहे आणि इन्सुलिन घेणारा दर महिन्याला तिथे जातोच. दुकानात पांढरा डबा ठेवायचा, तो भरला की जवळच्या दवाखान्याचा कचरा नेणाऱ्या त्याच गाडीने उचलायचा आणि त्यावर बारकोड लावायचा. महापालिका, प्रक्रिया केंद्र आणि औषधविक्रेते यांच्यात एक करार झाला, तर परिशिष्टातल्या त्या दोन ओळींना पत्ता मिळेल. घरपट्टी भरणाऱ्या नागरिकाने प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाला विचारण्यासारखा प्रश्न आता एवढाच आहे: आमच्या भागातल्या सुया कुठे द्यायच्या, आणि त्या घेणाऱ्या कामगाराला लस दिली का?